बोडका शब्द

मंगळवारी आणि बुधवारी साडेसहाला, पीटरहेडच्या बंदरामागे,
चर्चच्या ज्या हॉलमधला हीटर नाणं टाकल्याशिवाय तापत नाही
तिथे युना बुकन फळ्यावर लिहितात : नाइफ.
अर्थ सांगा, म्हणतात. पूर्ण वाक्यात.

झिंत्रा ओझोला हात वर करत नाही.
सकाळी सहापासून तिच्या हातात तीच तर होती,
पातळ, लवचीक, हॅडॉकच्या कण्याला घासत जाणारी.
कुठे दाबायचं, कुठे नुसतं सरकू द्यायचं
हे तिच्या अंगठ्याला पाठ आहे.
ती वहीत लिहिते : नाइफ इज टूल.
बाई वाकतात, लाल पेनने दोन ठिकाणी
एवढासा ‘अ’ घुसवतात.

“शब्दकोशात शब्द बोडकाच उभा असतो.
घरातच आहे, त्याला कोण बघतंय?
पण वाक्यात बाहेर पडला की डोक्यावर काहीतरी हवं.
व्याख्येत बहुतेक वेळा ‘अ’.
आपण अमक्या सुरीबद्दल बोलत नाही ना,
कुठल्याही सुरीबद्दल बोलतो.”
झिंत्राला फॅक्टरीच्या दारावरची पाटी आठवते :
केसांना जाळी लावल्याशिवाय आत येऊ नये.

मग बर्फ. झिंत्रा आता शहाणी झालेली : अ आइस.
नाही, बर्फाला नाही. बर्फ मोजत नाहीत.
ती दिवसाला चाळीस क्रेट मोजते, पण गप्प बसते.
मिठाला नाही. धीराला नाही.
समुद्राला ‘द’, कारण…
बाई खिडकीकडे बघतात,
कारण तो आहेच की तिथे.
सूर्यालाही ‘द’,
जरी नोव्हेंबरपासून त्याला कोणी पाहिलेलं नाही.

मागच्या बाकावर वैदोतास पुटपुटतो,
आमच्याकडे हे काही नाही बुवा.
शब्द नुसता येतो, ऐकणाऱ्याला कळतं.

मी हे जिच्यात लिहिते आहे तिच्यातही नाही.
किंवा आहे, पण फक्त गोष्टीच्या उंबऱ्यावर :
एक होता राजा.
पुढच्याच वाक्यात त्या राजाला दोन राण्या असतात
आणि ते ‘एक’ कुठे गेलं, कुणी विचारत नाही.

आठ वाजता हीटर खट्‌ करून विझतो.
कोटाची बटणं लावता लावता बाई
वर्गाबाहेरच्या आवाजात म्हणतात,
“चला, भेटू द मॉर्न.”

झिंत्रा थांबते. एक हात बाहीत, एक बाहेर.
“उद्याला ‘द’ नसतो. तुम्हीच सांगितलंत.”

तीस वर्षं पोरांच्या निबंधांतून
युना बुकननी हा ‘द’ मुळासकट उपटला.
त्यांच्या जिभेखाली मात्र तो तसाच राहिला,
आईचा, मासळीच्या लिलावातला :
द स्कूल, द फ्लू, आज म्हणजे द डे.
“ते इंग्लिश नाही,” त्या म्हणतात.
मग, “आहे पण.”
मग, “आम्ही इथले असंच म्हणतो.”
“का?”
पर्समध्ये किल्ली सापडत नाही.
“मॉर्न म्हणजे सकाळ. पण कुठलीही नव्हे.
ती. पुढची. ठरलेली.”
“ठरलेली?”
“बोटी बाहेर असल्या की म्हणायचे असं.
निदान म्हणायचे तरी.”
किल्ली कोटाच्या खिशातच होती.

बुधवारी सहाला सुपरवायझर नंबर घेऊन सुऱ्या वाटतो.
सतरा नंबरच्या मुठीला निळी टेप आहे,
झिंत्रानेच दोन वर्षांपूर्वी गुंडाळलेली.
टेपची एक कड सुटली आहे.
ती अंगठ्याने दाबून बसवत झिंत्रा हळूच म्हणते,
“द नाइफ.”
“काय?”
“काही नाही,” म्हणत
ती राहिलेली बट जाळीत कोंबते.